मावशींच्या पोटातले अकराशे प्रकार

सर्व कर्मचाऱ्यांनी आपापल्या शौचाचा नमुना मंगळवारपर्यंत जमा करावा, असा आदेश आमच्या आरोग्य संशोधन संस्थेत निघाला आणि तो सर्वांनी शिस्तीने पाळला. वेगवेगळ्या लोकसमूहांच्या आतड्यांत जंतूंचे प्रकार कमी-जास्त का असतात, हे शोधायचे होते. जितके प्रकार जास्त तितके पोट सुदृढ, असे परिपत्रकात म्हटले होते. मी तिथला ग्रंथपाल. माझे एकशे बारा निघाले. संचालकसाहेबांचे नव्वद. झाडलोट करणाऱ्या मावशींचे अकराशे.

साहेबांनी मावशींना केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच.

“मावशी, तुम्ही खाता तरी काय?”

“रानातला पाला, जाडंभरडं धान्य. विहिरीचं पाणी. दोन शेळ्या आहेत, त्या आमच्यातच झोपतात. का हो, काही चुकलं का?”

“चुकलं? अहो, तुम्ही संस्थेची संपत्ती आहात!”

“मग साहेब, महिनाभर रजा द्या. लेक बाळंतपणाला आलीये. पहिलटकरीण आहे.”

अर्ज रीतसर फेटाळण्यात आला. जंतूंच्या सरासरीवर ठरणारे संस्थेचे मानांकन तोंडावर होते आणि मावशींशिवाय संस्थेची सरासरी पार झोपली असती. संपत्ती रोज बसने ये-जा करते हेही बरे नव्हे, म्हणून त्यांना अतिथिगृहात हलवले. जेवण बंद पाकिटातले. पाणी तीनदा गाळलेले. चादर रोज उकळलेली. शेळ्यांना फाटकावरच अडवण्याची लेखी सूचना पहारेकऱ्याला मिळाली. पुढे मावशींना साधा खोकला झाला. धोका नको म्हणून डॉक्टरांनी जंतू मारायच्या जालीम गोळ्या सुरू केल्या, आणि त्यांच्या सोबतीला आणखी एक जालीम गोळी.

मी एकदा दबकत साहेबांना म्हणालो, “पुस्तकांत असं दिसतं, की हे जंतू माती, जनावरं, सालासकट खाल्लेलं अन्न यांतून येतात. गोळ्यांनी मरतात. माझं चुकत असेल.”

“चुकतच असेल,” साहेब म्हणाले.

मला ते पटले.

“भाऊ, लेकीचे दिवस भरलेत,” मावशी खिडकीतून म्हणाल्या. “तुम्ही शब्द टाका ना.”

मी ‘बघतो’ म्हणालो. खरोखरच नुसता बघत राहिलो.

दोन महिन्यांनी फेरमोजणी झाली. मावशींचे सत्त्याऐंशी. चौकशी समितीने निष्कर्ष काढला, की विविधता लोकसमूहानुसार बदलते, कारण काही लोकसमूहांना आपल्या जंतूंची निगा राखता येत नाही. मावशींकडून खुलासा मागवण्यात आला. रजा त्याच दिवशी मंजूर झाली, सक्तीची.

त्या पिशवी घेऊन निघाल्या तेव्हा नातू सहा आठवड्यांचा झाला होता.

“बाळाला जवळ घेतलं तर इथलं काही लागणार नाही ना हो त्याला?”

“नाही मावशी. लागण्यासारखं आमच्यात काही उरलेलंच नाही.”

त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मला भरून आले. पाचच मिनिटांत मी नळाखाली हात चोळत उभा होतो. तुम्ही तसे केले नसते, याची मला खात्री आहे. तरी माझ्यामागे रांग होती, आणि तिच्यातला एक चेहरा थेट तुमच्यासारखा होता.