अच्चायनचा लॅपटॉप निजला तेव्हा

आधीच सांगून टाकतो, माझा हेतू चांगला होता. (पंचायतीच्या कचेरीत कारकुनी करताना मी जेवढे घोटाळे केले, त्या सगळ्यांच्या मागे चांगलाच हेतू होता.) मला फक्त लॅपटॉपला जरा डुलकी काढू द्यायची होती.

माझा थोरला भाऊ अवराच्चन लेस्टरला वारला. आम्ही केरळातल्या रान्नीकडचे ख्रिस्ती लोक 'वारला' म्हणत नाही, 'प्रभूच्या ठायी निजला' म्हणतो. बोलण्याच्या घाईत प्रभू गळतो आणि नुसतं 'निजला' उरतं. एवढं ध्यानात ठेवा, कारण याच शब्दानं माझी अब्रू घेतली.

भावानं जन्मभर तिकडे बस चालवली, बायकोमुलं तिकडची, दफनही तिकडेच. अम्मच्ची, म्हणजे आमची आई, नव्वदीला टेकलेली. तिला कुठे विमानात घालणार? पण आमच्याकडे पेटी बंद करण्याआधी घरचे एकेक करून मृताचा शेवटचा मुका घेतात आणि मग तोंडावर रुमाल घालतात. अम्मच्चीचं एकच मागणं होतं, "रुमाल घालायच्या आधी माझ्या पोराचं तोंड मला दाखवा. बाकी काही नको."

अवराच्चनच्या मुलानं, पुतण्या जिबिननं, तिकडूनच सोय केली. तिकडच्या देवळातलं, म्हणजे चर्चमधलं, आम्हाला लॅपटॉपवर दिसणार, आणि आम्ही देवळातल्या मोठ्या पडद्यावर. सकाळीच त्यानं फोनवर एकेक बटण सांगून सगळं जोडून घेतलं आणि मला, म्हणजे त्याच्या काकाला, बजावलं, "कोच्चप्पा, आता कशालाही हात लावू नका." हा लॅपटॉपसुद्धा अच्चायननंच, म्हणजे थोरल्यानं, मागच्या सुट्टीत आणलेला. तोही जाताना हेच म्हणाला होता. माझ्या हातांबद्दल आमच्या घराण्याचं एकमत आहे.

दफनाला अवकाश होता. मला वाटलं, बॅटरी उगाच कशाला जाळायची? मी वरच्या रांगेतलं कुठलंसं बटण दाबलं आणि झाकण मिटलं.

"अहो, चाललंय ते चालू द्या ना!" बायको शोशाम्मा ओरडली.

"माणसाला दुपारची झोप लागते, यंत्राला नको?"

"तुमच्या झोपेनं काय दिवे लावलेत ते बघतेय मी."

वेळ झाली. अम्मच्ची ठेवणीतले पांढरे कपडे घालून, हातात जपमाळ धरून खुर्चीत बसली. मी झाकण उघडलं. पडदा उजळला, पण त्यावर नुसतं पांढरं पान आणि मधोमध गरगरणारं चक्र. वायफायचा पत्ता नाही! राउटर कपाटावर हिरवे दिवे लुकलुकवत मजेत बसला होता. मी तो बंद करून पुन्हा चालू केला. लॅपटॉप उचलून त्याच्याजवळ नेला, दोघांना नाकाला नाक लावून बसवलं. रुसलेल्या नवराबायकोसारखे दोघे ढिम्म. जिबिनला फोन लावला, तर तो देवळात, फोन बंद. (माझा फोन बटणांचा. शोशाम्माचा पडद्याचा होता, तो त्याच आठवड्यात पेजेच्या पातेल्यात पडला होता.)

तेवढ्यात शेजारच्या आवारातून मरिक्कुट्टी मावशीचा फोन आला.

"काय रे ईत्तूपा, सुरू झालं का?"

"कसलं सुरू! तो निजला होता ना, आता उठलाय."

"कोण उठलाय?"

"उठलाय गं, पण कुणाला ओळखत नाहीये. पांढराफटक पडलाय. दोन थोबाडीत दिल्या, तरी ढिम्म!"

"देवा रे माझ्या!" मावशी किंचाळली आणि फोन आपटल्याचा आवाज आला.

मला वाटलं, केवढी कळकळ बाईला. पण पायरीवर चप्पल सोडायच्या आधीच मावशीचा आवाज घरात शिरला, "उठला गं! अवराच्चन उठला! पेटीत उठून बसला!" मागोमाग अर्धी आळी आत घुसली.

अम्मच्ची खुर्चीतून उभी राहिली. काठी न घेता. तिचा चेहरा असा काही उजळला, की तसा मी लहानपणानंतर पाहिलाच नव्हता. "खरं?" तिनं मला विचारलं. मावशीला नाही, मला.

त्या क्षणी धरणीनं मला पोटात घ्यायला हवं होतं.

"अम्मच्ची... लॅपटॉप. लॅपटॉप उठला."

ती हळूच खाली बसली. जपमाळ नीट करत म्हणाली, "मग तसं सांगावं ना रे." रागावली असती तर बरं झालं असतं.

मग आळीतल्या लोकांनी सल्ले सुरू केले. एक म्हणाला झाकण पुन्हा मिटा, दुसरा म्हणाला बॅटरी काढा, मावशी म्हणाली तीर्थ शिंपडा. अम्मच्ची मात्र पडद्याच्या कोपऱ्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

"ईत्तूपा, तिथे ते विमान कशाला?"

"असतं तसलं चित्र काहीतरी."

"काढ ते आधी. विमानानंच नेलं माझ्या पोराला. आजच्या दिवशी मला ते दिसायला नको."

तिचं मन राखायला मी विमानावर बोट दाबलं. विमान गेलं, तरी चक्र फिरतच होतं. तिकडे आता रुमाल घालत असतील! माझा धीर सुटला. दोन्ही हातांनी लॅपटॉप धरून मी ओरडलो, "ऊठ! ऊठ रे! किती निजशील? म्हातारी आई समोर बसलीये, तिला एकदा तोंड दाखव! एकदाच! मग नीज कायमचा! नाहीतर बघ, भंगारवाल्याला देऊन टाकीन तुला!" लॅपटॉपवर ओरडत होतो का अच्चायनवर, ते मला अजून सांगता येत नाही.

आणि चित्र आलं. अच्चायनचा शांत चेहरा. कॅमेरा फिरला तेव्हा दिसलं, अख्खं देऊळ रडत होतं, फादर चष्मा पुसत होते. रुमाल हातात धरून जिबिन थांबला होता.

अम्मच्ची पुढे वाकली. "अवराच्चा, जेवलास का रे?" तिनं सवयीनं विचारलं. मग पडद्यावर ओठ टेकले. त्यानंतर रुमाल घातला. तिच्या ओठांचा डाग पडद्यावर अजून आहे. शोशाम्मा पुसायला निघाली, तर मी तिचा हात धरला.

संध्याकाळी जिबिनचा फोन आला. "कोच्चप्पा, तुमच्याकडून आधी आवाज आला, चित्र मागून. 'ऊठ रे, आईला तोंड दाखव' ऐकलं आणि सगळे ढसाढसा रडले. अप्पावर तुमची एवढी माया होती, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फक्त शेवटचं ते 'भंगारवाल्याला देऊन टाकीन'... फादरांनी दोनदा अर्थ विचारला. मी सांगितलं, आमच्या रान्नीकडे जवळचं माणूस गेलं की असंच म्हणतात. आता पुढच्या प्रवचनात ते घेणार आहेत."