गोपीनाथची पट्टी आणि सरस्वतीची झालर

"एक वेळ लोक आमटीत मीठ घालायला विसरतील, पण माझी पट्टी वाचायला विसरणार नाहीत!" असं गोपीनाथने चहाच्या टपरीवर छाती पुढे काढून सांगितलं, आणि त्या भरात निम्मा कप दामाजीच्या लेंग्यावर सांडला. दामाजीने तिथेच काय ते ओळखायला हवं होतं! पण त्याने फरसाणाच्या दुकानाची जाहिरात वर्षभरासाठी देऊन टाकली.

साल त्र्याण्णव. डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, गोपीनाथच्या बापाचं भाताचं शेत होतं. तिथे चार बिल्डिंगी उगवल्या, आणि एकीच्या गच्चीवर गोपीनाथने लग्नाच्या जेवणावळीतली परातसुद्धा लाजेल एवढी डिश बसवली. दोनशे बारा घरांत त्याची काळी वायर शिरली. दर रविवारी दुपारी दोन वाजता तो व्हिडिओवर पिक्चर लावी. पिक्चरच्या पायाशी, पडद्याच्या तळाला, जाहिरातींची पट्टी सरकत राही. साड्या, क्लासेस, मूळव्याध, फरसाण. पिक्चर लोकांना फुकट दिसे तो या पट्टीच्या जिवावर.

आणि सगळ्यात शेवटी एक ओळ सरके. तिचे पैसे कुणीच देत नसे.

"शिलाई मशीनला वेळेवर तेल घालावे. एक हितचिंतक."

कधी असे, "कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे, सांभाळून यावे." कधी, "खडवलीला जाणाऱ्यांनी परतीला उशीर करू नये." आता दोनशे बारा घरांतून खडवलीला जाणारं माणूस एकच. महिन्यातून एकदा धाकट्या बहिणीकडे जाणारी सरस्वती!

सरस्वतीचं शिवणकाम गोपीनाथच्या केबलच्या खोलीसमोरच चाले. दोन बहिणींची लग्नं करता करता तिचं स्वतःचं राहून गेलं होतं. गोपीनाथ चाळिशीचा. शेत विकून घड्याळ आलं, मोटरसायकल आली, तोंड उघडायची हिंमत तेवढी आली नाही. तो तिला कधी नावाने हाक मारत नसे. 'ताई' म्हटलं तर विषयच संपला, 'बाई' म्हटलं तर ती मशीनखालची चप्पल काढेल! म्हणून दीड वर्ष तो पट्टीवर लिहीत होता. रविवारी यंत्रापाशी बसून तो समोरच्या मशीनचा आवाज ऐके. पट्टीची शेवटची ओळ आली की आवाज थांबे. मग पुन्हा सुरू होई. तेवढ्या थांबण्यावर गोपीनाथचा पुढचा आठवडा जाई.

महिनाभराने दामाजी दुकान सोडून तावातावाने आला.

"गोपीनाथ, तुझी पट्टी कुणी काळं कुत्रं वाचत नाही!"

"काहीतरीच काय!"

"पट्टीवर काय लिहिलंय? 'पट्टी वाचली असं सांगा आणि मूठभर शेव फुकट न्या.' महिनाभरात एक माणूस आला नाही! अरे, फुकट शेवेसाठी आपली माणसं पार ठाण्याच्या टेंभी नाक्यापर्यंत चालत जातील!"

मुद्दा बिनतोड होता. गोपीनाथ सिग्नल तपासायच्या निमित्ताने घरोघर निघाला. पहिलं घर कमळाबाईंचं. टीव्हीच्या तळाला, बरोबर चार बोटांची, निळ्या मखमलीची झालर! खाली लेस, दोन्ही टोकांना इलॅस्टिक.

"हे काय आजी?"

"झालर! ती तुझी पट्टी वळवळते ना गांडुळावानी, डोलं दुखतात. आता कसं झ्याक दिसतंय!"

"आणि जाहिराती?"

"त्या कोन बघतं रं?"

दुसऱ्या घरी गुलाबी झालर. तिसऱ्या घरी देवराम मास्तरांची खादीची, विनालेस. "आम्ही चित्रपट पाहतो गोपीनाथ, मूळव्याध पाहत नाही," मास्तर म्हणाले. चौथ्या, पाचव्या, अकराव्या घरी झालर! थकून तो स्वतःच्या घरी आला, तर त्याच्या आईच्या, मनुबाईच्या टीव्हीवरही झालर. तीही जरीची!

"आई, तू पण?"

"अरे, सगल्यांनी घेतली. आपुन मालक, आपल्याकडं भारीतली नको?"

"शिवते कोण हे?"

"कोन म्हंजे? सरस्वती! टीव्हीचं माप घेऊन शिवते."

गोपीनाथने जरीची झालर उचलून पाहिली. जिच्यासाठी पट्टी चालवली, तिनेच गावाची पट्टी झाकली! मग ते मशीन थांबायचं ते काय दोरा ओवायला?

पण धंदा तर वाचवायला हवा. गोपीनाथने पहिला उपाय केला. पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "कृपया टीव्हीची झालर काढावी ही नम्र विनंती." तीन तास ही विनंती घरोघरच्या झालरींच्या मागून शांतपणे सरकत राहिली.

दुसरा उपाय. पट्टी पडद्याच्या वरच्या बाजूला नेली. हीरोच्या कपाळावरून साड्यांचा सेल जाऊ लागला. लोकांनी काय केलं? वरच्या बाजूलाही झालर लावली! सरस्वतीकडे रांग लागली. टीव्ही सत्यनारायणाच्या चौरंगासारखे दिसू लागले.

तिसरा उपाय जालीम होता. पट्टीतून एका भाजीचं नाव जाणार. मध्यंतरापर्यंत ज्या घराने ते येऊन सांगितलं नाही, त्या घराची वायर काढणार, असं त्याने घरोघर बजावलं! गोपीनाथ जिन्यात खुर्ची टाकून बसला. पट्टीतून 'भेंडी' गेली. त्या धाकाने निम्म्या घरांनी झालरी काढल्या होत्या खऱ्या, पण कमळाबाईंनी गॅलरीत येऊन अशी आरोळी ठोकली, की खाडीच्या पलीकडच्या काठावर होड्या थांबल्या असतील.

"बायानू, भेंडी हाय! भेंडीऽऽ!"

पाच मिनिटांत दोनशे माणसं जिन्यात उभी. "भेंडी! भेंडी!" गोपीनाथ मान हलवून हलवून दमला. देवराम मास्तर शेवटी आले, म्हणाले, "भेंडी. पण मला चालत नाही ती, वाताची आहे."

दामाजीने निर्वाणीचं सांगितलं, "रोगाच्या मुळाशी जा. त्या सरस्वतीला सांग, झालरी शिवणं बंद कर. नाहीतर माझी जाहिरात बंद!"

ज्या दारात जायला दीड वर्ष पाय उचलला नव्हता, त्या दारात गोपीनाथ भांडायला म्हणून गेला. वाटेत चारदा वाक्य पाठ केलं. दारात पोचला आणि थांबला.

सरस्वतीच्या कोपऱ्यातल्या छोट्या टीव्हीला झालर नव्हती. वर नाही, खाली नाही. काच लख्ख पुसलेली.

"या गोपीनाथशेठ," मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली. "भांडायला आलात ना? कमळाआजींनी आधीच वर्दी दिलीय."

"तुमच्या... तुमच्या टीव्हीला झालर नाही?"

"मला कशाला? मी वाचते."

गोपीनाथने विचारलं, "सगळं?"

"मूळव्याध सोडून." ती पहिल्यांदा हसली. "खडवलीहून त्या दिवसापासून चारच्या गाडीने परत येते. कुणाच्या सांगण्यावरून?"

"मग दुसऱ्यांचं झाकता कशाला?"

सरस्वतीने दोरा दाताने तोडला. "मशीनला तेल घाला, सांभाळून या, उशीर करू नका! एवढं सगळं अख्ख्या वस्तीने वाचायचं होय? कमळाआजी एकदा विचारतच होत्या, हा हितचिंतक कोण म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांना पहिली झालर शिवून दिली. मग शेजारणीला हवी झाली, मग तिच्या शेजारणीला."

मशीन थांबलेलं होतं. गोपीनाथला वाटलं, असंच थांबलेलं राहावं.

"दीड वर्ष दर रविवारी बघते," ती हळूच म्हणाली. "वाटतं, आज तरी खाली नाव येईल. येतो आपला हितचिंतक! कधी वाटायचं, हे माझ्यासाठी नसेलच. तेलवाल्याची जाहिरात असेल."

आता बोलायचं एवढंच काम होतं. गोपीनाथने तोंड उघडलं. आतून जो आवाज आला तो केबलमध्ये पाणी गेल्यावर येतो तसा होता.

"मी... मी पट्टीवर लिहितो."

"लिहा! पण तुमच्या त्या भेंडीपायी निम्म्यांनी झालरी काढून ठेवल्यात. आधी त्या परत लावायला सांगा. जे काय असेल ते मी एकटीने वाचेन."

मग वस्तीने एक अजब आठवडा पाहिला. झालर काढा म्हणून वायरी तोडायला निघालेला गोपीनाथ दारोदार हात जोडत फिरू लागला. "मास्तर, रविवारी झालर लावा हं! आजी, तुमची नीट घट्ट बसवा. वरचीपण!" एकाच्या झालरीचं इलॅस्टिक सैल होतं, तर स्वतः टाचण्या लावून आला!

इथे चुकलं. दीड वर्ष 'वाचा, वाचा' म्हणणारा माणूस एकदम 'वाचू नका' म्हणू लागला, तर आपली माणसं काय करतील? रविवारी दोन वाजता घरोघरच्या झाडून सगळ्या झालरी निघाल्या! हीरो काय करतोय याकडे कुणाचं लक्ष नाही. साड्या वाचल्या, क्लासेस वाचले, मूळव्याध मोठ्याने वाचली, फरसाण वाचलं. आणि शेवटची ओळ आली.

"मशीनला तेल मी घालू का? कायमचं. गोपीनाथ."

समोरचं मशीन थांबलं. ते पुन्हा सुरूच झालं नाही. गोपीनाथ कान लावून बसला. पण मशीनच्या जागी चारही बिल्डिंगींतून हळूहळू वाढत जाणारा गलका ऐकू आला. मग गॅलरीतून ती परिचित आरोळी, "अगं सरस्वतीऽऽ! हा म्हन की!"

गोपीनाथने यंत्रामागे तोंड लपवलं. तेवढ्यात दामाजी धापा टाकत आला. "गोप्या, काय जादू केलीस! अख्खी वस्ती 'पट्टी वाचली' म्हणत दारात उभी आहे! शेव संपली, आता गाठी वाटतोय!"

सरस्वतीचं दार मात्र बंद. सोमवारी बंद, मंगळवारी बंद. खडवलीला गेली म्हणे. गोपीनाथ रोज चारच्या गाडीच्या वेळेला उगाच बाहेर येऊन वायर तपासत उभा राही. वायरीला काहीही झालं नव्हतं.

शनिवारी ती आली, सरळ केबलच्या खोलीत. जाहिरात द्यायची असते तशी चिठ्ठी पुढे केली. गोपीनाथने ती उघडली.

"टीव्हीच्या झालरी यापुढे शिवून मिळणार नाहीत. सरस्वती."

"म्हणजे?"

"म्हणजे आता झाकायला काय शिल्लक ठेवलंत?"

"म्हणजे... हो?"

सरस्वतीने पिशवी खांद्यावर घेतली. "गोपीनाथशेठ, कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे, सांभाळून या, असं किती वेळा लिहिलंत?"

"चौदा वेळा."

"भिंत तुमची, होल्डर तुमचा. दोनशे बारा घरांत वायर नेलीत. एक बल्ब लावला असतात तर मी तेव्हाच समजले असते."

आणि ती गेली. गोपीनाथ तसाच धावत बल्ब घेऊन आला. दिवेलागणीला शिडी लावून चढला. खाली अख्खी वस्ती जमली होती. रविवारपासून त्याचं काहीही चुकवायचं नाही असं लोकांनी ठरवूनच टाकलं होतं. शंभर वॅटचा बल्ब बसला, बटण दाबलं, कोपरा झगमगला. त्या उजेडातून सरस्वती सावकाश चालत आली. शिडीखाली थांबली. वर बघितलं. काहीतरी बोलणार, एवढ्यात गॅलरीतून कमळाबाई कडाडल्या,

"मेल्या गोप्या, थेट डोल्यात येतोय रं दिवा! सरस्वती, याला एक झालर शिव गं!"