सेल गेला कुठे?

चष्मा घेऊन हेडसर परत येतात तो बशी रिकामी! कानाच्या यंत्रात घालायला काढून गोळ्यांच्या बशीत ठेवलेला नवाकोरा सेल गायब. सूनबाईंनी टेबलाखाली पाहिलं, फडकं झटकलं आणि मग सासऱ्यांकडे रोखून पाहिलं.

"नाना, रक्तदाबाच्या गोळीबरोबर तुम्ही सेल गिळलात!"

"तेल? मी कशाला तेल गिळू?"

"सेल! सेल!" तिने घशाकडे बोट दाखवलं.

हेडसर ताडकन उभे राहिले. "बत्तीस वर्षं पोरांच्या तोंडातून खडू काढले मी. मी गिळणार? मुळीच नाही!"

तरीही अर्ध्या तासात ते दवाखान्याच्या तातडीच्या विभागात होते. यंत्राविना त्यांना ऐकू येईना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं, 'पोटाचा एक्स-रे काढुया.' हेडसरांनी पेन्सिल मागून घेतली, 'ढु' दीर्घ केला आणि खाली लिहिलं, 'गरज नाही.'

"पोटाच्या फोटोत फारसं काही कळत नाही म्हणतात," सूनबाईंना शंका आली.

"नुसत्या पोटदुखीला बरेचदा नाहीच कळत. पण धातू लपत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि सेल घशात अडकला असेल तर आतून भाजतो. थांबून चालणार नाही. गळ्यापासून खालपर्यंत काढू."

"काढा! होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष!" खाणाखुणांवरून ताडून हेडसर गरजले.

फोटो आला. मणके दिसले, बरगड्या दिसल्या, सेल कुठेच नाही. हेडसरांची छाती दोन इंच फुगली.

डॉक्टरीणबाई मात्र विचारात पडल्या. "घरात आणखी कोण होतं?"

"मीच."

"सकाळी तुम्ही काही घेतलंत?"

"थायरॉइडची गोळी. एवढीशी असते. घाईत होते, बशीत होतं ते सगळं उचललं आणि..." सूनबाईंचा आवाज बसला. लगेच तो दुप्पट चढला. "पण मी काही आंधळी नाही!"

हेडसरांना शब्द ऐकू आले नाहीत, चेहरा मात्र वाचता आला. "आता हिचा काढा!" वर्गातल्या आवाजात त्यांनी फर्मावलं. दोन खाटांवरचे रुग्ण दचकून उठून बसले.

दुसऱ्या फोटोत, पोटाच्या मधोमध, लख्ख पांढरी टिकली.

"घशातून सुखरूप उतरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुतेक आपला आपण बाहेर पडेल. पोट दुखलं किंवा उलटी झाली तर तडक या. नाहीतर चार दिवसांनी पुन्हा फोटो."

"हे पोट माझं नाहीच! फिल्म बदललीय तुम्ही!"

"यावर तुमचं नाव आहे, ताई."

"नाव काय, कुणीही लिहील!" तिने कमरेवर हात ठेवले खरे, पण हनुवटी थरथरत होती.

हेडसरांनी तिला बाकावर शेजारी बसवलं, कागद ओढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'घाबरू नकोस. मी आहे.'

तिने ते वाचलं, पदराने नाक पुसलं आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळा विभाग दणाणेल अशी ओरडली, "मी घाबरलेली नाहीये!"

एवढं मात्र त्यांना स्वच्छ ऐकू आलं.

"शाब्बास!" हेडसर म्हणाले.