सगुणाबाईंचा जागृत गुत्ता

या, बसा मुलांनो. चुळबुळ बंद. एका जंगलात एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात एक जुनाट गुत्ता होता. गुत्ता म्हणजे काय ते घरी विचारू नका. आई ओरडेल आणि बाबा विषय बदलतील.

गुत्ता सगुणाबाई अस्वलिणीचा. मोहाची फुलं ती एका मोठ्या रांजणात आंबवायची, गाळायची आणि विकायची. गिऱ्हाईक बेताचंच. रोज न चुकता यायचा तो एकटा रावजी साळिंदर.

साळिंदराचं जिणं कसं असतं, ठाऊक आहे? अंगभर काटे, त्यामुळे जवळ कुणी बसवून घेत नाही. लग्नाचं आवतण आलं तरी पान मांडवाबाहेर. पण सगुणाबाईनं त्याच्यासाठी कोपऱ्यात एक स्टूल मांडलं होतं, काटे भिंतीला घासू नयेत म्हणून जरा पुढं ओढून. अख्ख्या जंगलात रावजीची म्हणावी अशी तेवढीच जागा. तिथं बसून तो एक पेला घ्यायचा, "येतो बाई" म्हणायचा आणि निघायचा.

एकदा भर उन्हाळ्यात रावजीनं पेला तोंडाशी नेला आणि खाली ठेवला.

"सगुणाबाई, इथं वास आहे."

"कुणाचा?" असं विचारलं ते पलीकडे बसलेल्या एका मोरानं. हा शहाणा मोठ्या जंगलातून आला होता. जुन्या जागा बघत हिंडायचा, पिसारा फुलवून व्हिडिओ काढायचा आणि जागेपेक्षा पिसाराच जास्त दाखवायचा.

"मेलेल्याचा," रावजी म्हणाला. "बरेच दिवस झालेले दिसतात."

आता आपल्या भाषेची गंमत बघा. घाणीला वास असतो आणि भुताचाही वास असतो. रावजी नाकाबद्दल बोलत होता. मोराला नाकाचं काय? त्यानं तिथल्या तिथं व्हिडिओ केला, "या गुत्त्यात मेलेल्याचा वास आहे," आणि तो झाडोझाडी पोचला.

झालं. जंगल लोटलं. ज्यांना घरात कुणी विचारत नव्हतं, त्यांनाही गुत्त्यात अनुभव यायला लागले. तरसाच्या पोटात कालवलं, तर म्हणे कुणीतरी आतून हाक मारतंय. रानडुक्कर दोन पेल्यांत भडाभडा ओकलं आणि उताणं पडलं, तर लोक त्याच्या पाया पडून पोरीचं लग्न कधी जमेल ते विचारू लागले. सरपंच गव्यानं हे जागृत स्थान असल्याचं जाहीर केलं. गव्याला तोवर आपल्या गावात गुत्ता आहे हेच माहीत नव्हतं, निदान बायकोसमोर तरी.

रावजी सांगून थकला की अहो, वास म्हणजे नाकाला येतो तो. कोण ऐकतंय? त्याच्या स्टुलावर मोर बसला होता. रावजी दाराबाहेरच्या दगडावर बसायचा आणि आत बघत राहायचा. त्याला फार वाईट वाटायचं. मग त्याच्या मनानं घेतलं की वास गेला तर गर्दी जाईल, आणि गर्दी गेली तर स्टूल आपलंच आहे.

एका दुपारी सगळे गुत्त्याच्या वाटेवर उभारलेल्या नव्या कमानीच्या उद्घाटनाला गेले. रावजी आत शिरला. त्यानं रांजणावरचं झाकण काढलं. आत एक घूस पडून मेलेली, फुगून टम्म झालेली. त्यानं ती काढली, लांब नेऊन पुरली, रांजण राखेनं घासला आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसला. किती दिवसांनी त्याला बरं वाटलं.

मंडळी परतली. सगळ्यांनी नाकं वर केली. वास नाही.

रावजीनं उभं राहून खरं ते सांगितलं. रांजणात घूस मेली होती, तुम्ही तिचंच पाणी पीत होतात.

आता सगळ्यांच्या माना खाली गेल्या असतील, असं वाटलं ना तुम्हाला? लहान आहात अजून. घूस पाजली याचा राग कुणालाच आला नाही. भूत घालवलं याचा आला. रावजीला बदडबदड बदडलं. त्यानं सगुणाबाईकडे बघितलं.

ती घासलेल्या रांजणाकडे बघत होती. म्हणाली, "तुमच्या एका पेल्यावर माझं घर चालत होतं का हो, रावजी?"

त्याला ओढ्यापलीकडे हाकललं.

पण त्याला राहवेना. पुढच्या हिवाळ्यात रावजी घोंगडी पांघरून रांगेत उभा राहिला. वास त्याला कमानीपाशीच आला. ताजा होता.

आत कोपऱ्यात त्याच्या स्टुलाला हार घातलेला. सगुणाबाई पाहुण्यांना सांगत होती, इथं एक साळिंदर बसायचा. त्यानं वासाला त्रास दिला, वासानं त्याला नेलं. आता दोघांचाही इथंच वास आहे.

रावजी हळूच म्हणाला, "बाई, मी आहे."

सगुणाबाईनं ओळखलं. डोळे भरले तिचे. तिनं स्वतः पेला भरून दिला आणि त्याच्या कानाशी वाकली.

"गुपचूप प्या आणि जा, रावजी. तुम्ही मेलात म्हणून तर तिथं कुणी बसत नाही."

रावजीनं डोळे मिटून पेला रिकामा केला. "येतो बाई," म्हणाला. मागचे ढकलत होते, म्हणून त्यानं घाईघाईनं स्टुलाला नमस्कार केला आणि बाहेर पडला.

तात्पर्य : मुलांनो, घाण दिसली की लगेच उपसायला धावू नका. आधी तिच्यासमोर कुणी हात जोडून उभं आहे का ते बघा. असेल, तर तुम्हीही नाक मुठीत धरा आणि रांगेत उभे राहा. मोठे झालात असं सगळे म्हणतील.