कोरड्यावरची होडी

भरती-ओहोटी मला पाठ आहे, असं मी सासूबाईंना छातीठोकपणे सांगितलं. मी उधव्याचा शेतकरी, पण डहाणूच्या बाजारात माझं येणं-जाणं आहे ना! त्या दिवशी मेहुण्याच्या, मनिषच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला आम्ही डहाणूला आलो होतो. कार्यक्रम संध्याकाळी तलासरीला. अंगठी सासूबाईंच्या कनवटीला. दुपार मोकळी होती, म्हणून म्हटलं, चला, धाकटी डहाणूची खाडी दाखवतो!

ओहोटी होती. सावली कुठेच नाही. वाळूवर मात्र एक होडी टेकलेली, वर ताडपत्री.

"कुणाला विचारायला नको का?" वर्षा, माझी बायको, म्हणाली.

"रिकाम्या बैलगाडीत बसताना विचारतं का कुणी? कोरड्यावर तर आहे!"

होडीतच भाकऱ्या खाल्ल्या आणि तिघंही आडवे झालो.

"जावईबापू, उठा! जमीन हलतेय!"

"जेवण जड झालंय, आई. झोपा."

मग डोकं वर काढलं, तर चारी बाजूंनी पाणी!

काठावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायका दिसल्या. आम्ही जिवाच्या आकांताने हात हलवले. त्यांनीही हसून हलवले! त्यांना वाटलं, पाहुणे मजेत आहेत. तेवढ्यात होडीचा मालक भिकू धावत आला आणि होडी बांधलेल्या दोराकडे बोट दाखवून ओरडायला लागला. मला लगेच कळलं. गाडी हाकायची तर बैलाचं दावं आधी सोडावं लागतं! मी दोर सोडला.

भिकूने कपाळावर हात मारला.

होडी निघाली! सासूबाई कनवट घट्ट धरून रडायला लागल्या. "माझ्या मनिषचा साखरपुडा राहिला गं! सगळे वाट बघत बसतील!" वर्षा माझ्याकडे बघत होती. त्यापेक्षा पाणी बरं वाटत होतं.

भिकूने दुसऱ्या होडीचं इंजिन चालू केलं, आम्हाला गाठलं आणि ओढत काठाला आणलं.

"अरे बाबा, दोर सोडू नको बोलत होतो! तोच एक धरून होता तुम्हाला."

एवढंच बोलला. त्याच्या बायकोने, शांतीने, चहा दिला, उतरताना भिजलेल्या सासूबाईंना आपलं कोरडं लुगडं नेसवलं आणि लग्नघरासाठी सुक्या बोंबलांची पिशवी बांधून दिली. वर भिकूने स्वतःच्या टेम्पोतून आम्हाला तलासरीला पोचवलं! ओळख ना पाळख, त्यातून त्याचीच होडी मी सोडलेली. खरंच सांगतो, माझे डोळे भरून आले.

साखरपुडा वेळेत झाला. सासूबाईंनी भिकूला मानाच्या पाटावर बसवलं. मी मागे, बोंबलांच्या पिशवीशेजारी. त्या दोघांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही.

सासूबाई तर काहीच विसरलेल्या नाहीत. परवा सासुरवाडीला गेलो, अंगणातल्या रिकाम्या बैलगाडीत जरा टेकलो, तर त्या आतून दोर घेऊन आल्या आणि गाडी चिंचेला बांधली.

"बसा आता निवांत," म्हणाल्या. "फक्त दोराला हात लावू नका!"