नानांकडचा शेवटचा मूग

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जळगावातल्या आमच्या गल्लीत डोळ्यांची साथ चढणीला लागली असून ती कधी उतरणार, हे फक्त नानांना ठाऊक आहे.

नाना आमचे शेजारी, गणिताचे निवृत्त प्राध्यापक. मूळ सोनगीरचे, वर्गात प्रमाण मराठी, फाटकाशी अहिराणी. कुणी नुसतं शिंकलं तरी यांचा पहिला प्रश्न, "एकना कितला?" म्हणजे एका आजाऱ्याकडून पुढे किती जणांना? एकाहून जास्त असतील तर साथ चढते, कमी झाले की उतरते.

पुराव्यादाखल फाटकाच्या कठड्यावर एक ताट. हिरवा मूग म्हणजे धडधाकट घर, लाल मसूर म्हणजे डोळे आलेलं, हरभरा म्हणजे बरं झालेलं. रोज सकाळी येणाऱ्याजाणाऱ्याला हटकून नाना दाणे बदलत.

"साथले कोनी थांबाडत नही. नवा मूग भेटना नही, का ती आपेआप निवस."

"आणि उसळ कधी, नाना?" माझ्या बायकोनं विचारलं. नानांनी एक मूग उचलून तिथे मसूर ठेवला.

भाकीत मात्र तंतोतंत. मसूर वाढले, मग हरभरे वाढले. ताटात मूग उरला एकच. तो नानांच्या घराचा. नाना आरशात पापण्या ताणताणून बघत. डोळे आपले पांढरेशुभ्र.

"गणित चुकलं की काय?" काळा चष्मा सावरत मी विचारलं.

"गणित बराबर शे. साथ मानूसना पायवर चालस. मनाकडे कोना पाय येतस?"

खरंच, त्यांच्याकडे कुणाचे पाय येणार? नानांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्यापासून त्या घरात कुणी गेलं नव्हतं. चहाबरोबर समीकरणही प्यावं लागे, म्हणून गल्ली फाटकावरूनच सटके.

संध्याकाळी बायकोनं भरिताचा डबा देऊन मला पिटाळलं. मी तो फाटकावरूनच पुढे केला.

"आत नको, नाना. मी अजून मसूर आहे."

"उना शे ना, बस रे," आलाच आहेस तर बस, म्हणत त्यांनी दंडाला धरून आत ओढलं. एकाच ताटात जेवलो, एकाच पंच्याला हात पुसले. नाना सोनगीरच्या किल्ल्यावरून घसरल्याची गोष्ट सांगत राहिले. गणिताचा शब्द नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेर गलका झाला. नानांचे दोन्ही डोळे लालबुंद, चेहरा नवरदेवाचा. मागे मागे सरकणाऱ्या दूधवाल्याला ते सांगत होते,

"मना बी डोया उनात, भाऊ! मनाकडे कोनीतरी उनं व्हतं!"