ताटली रिकामी येत नाही

शाळेची चिठ्ठी दिवाळीच्या आठ दिवस आधी आली, म्हणजे अगदी नको त्या मुहूर्तावर. जबलपुरातल्या चेरीताल भागात राहणाऱ्या वैरागड्यांकडे तेव्हा चकल्यांचा तिसरा घाणा कढईत होता. दिवाकररावांनी चिठ्ठी उभ्याउभ्याच वाचली. शाळेनं सगळ्या मुलांची वजनं केली होती. दहा वर्षांच्या शरयूच्या नावापुढे लाल शाईनं ‘सात किलो जास्त’ असं लिहिलं होतं. खाली नवे नियम होते: डब्यात तळलेलं बंद, रोज एक तास खेळ, आणि पालकांनी सहकार्य करावं.

शरयूला त्या सात किलोंचं काही वाटलं नव्हतं. ती रडत होती ते वेगळ्याच कारणानं. तिला खो-खोच्या संघात जायचं होतं. खेळाचे दुबे सर म्हणाले होते, “बेटा, बालदिवस के दिन मैदान के चार चक्कर बिना रुके लगा दो, टीम में ले लेंगे.” आणि तिचा दम दुसऱ्याच चकरेत संपायचा.

“रडून काहून राहिली?” दिवाकरराव म्हणाले. “तुझा बाप बसला आहे ना!”

दिवाकरराव बसलेले होते हे खरंच होतं. संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणी विभागात बावीस वर्षं खुर्चीत बसून ते दुसऱ्यांनी केलेल्या मालातल्या चुका काढत आले होते. त्यामुळे जगातल्या प्रत्येक अडचणीवर आपल्याकडे पद्धतशीर उपाय आहे, असा त्यांचा ठाम समज झाला होता.

“घरात फराळ राहिला तर पोरगी खाणार,” त्यांनी उपाय मांडला. “राहिलाच नाही तर काय खाणार? सगळा वाटून टाकायचा. अन् पोचवायला शरयू जाईल. पायी! डाएट पण झालं, एक्सरसाइज पण झाली.”

“अहो, पण ऐका तर,” हेमलता, त्यांची बायको, झाऱ्या हातात धरून म्हणाली.

“आता पण-बिण काही नाही. पॉलिसी ठरली.”

दिवाकररावांच्या आई, राधाबाई, यांना या पॉलिसीतलं भोक तिथल्या तिथे दिसलं होतं. पण मुलानं चाळीस वर्षांत आपलं काही ऐकलेलं नाही, तो आजच कशाला ऐकेल, असा विचार करून त्या चकल्या पाडत राहिल्या.

पाडव्याच्या सकाळी शरयू पहिली ताटली घेऊन निघाली. दिवसभरात आठ घरं झाली. पद्मजाकाकूंनी ताटली रिकामी केली, धुतली, पुसली आणि अनारशांनी गच्च भरून परत दिली. शकुमावशींनी बेसनाचे लाडू रचले, वर शंकरपाळ्यांचा डोंगर केला. मराठी घरातून ताटली रिकामी परत जात नाही, मग ती नागपुरात असो की जबलपुरात. संध्याकाळपर्यंत आठ ताटल्या गेल्या होत्या आणि आठ ताटल्या आल्या होत्या. आलेल्या जास्त जड होत्या.

“हे काय घेऊन आली?” दिवाकररावांनी विचारलं.

“मैं क्या करूँ बाबा? काकू म्हणे, खाली ताटली कशी देऊ!”

“काही हरकत नाही. उद्या हे पण वाटून टाकू. दूरच्या घरी जा. तिथं कोणी ओळखीचं नाही, कोणी भरून देणार नाही.”

दूरच्या घरांनी तर जास्तच भरून दिलं, कारण वैरागड्यांची पोरगी प्रथमच आली होती. तिसऱ्या दिवशी शरयूनं अकरा घरं आणि नऊ जिने केले. घरातले डबे संपले, मग पातेली भरली, मग इस्त्रीच्या कपड्यांची टोपली रिकामी करावी लागली. फराळ शरयूच्या हाती लागू नये म्हणून दिवाकररावांनी सगळा साठा आपल्या खुर्चीशेजारी मांडला. शिवाय येणाऱ्या प्रत्येक मालाचा नमुना काढून तपासायचा, ही त्यांची कारखान्यातली सवय होती. ते प्रत्येक ताटलीतून एक नमुना काढत. शंका आली तर दोन.

पाचव्या दिवशी राधाबाईंनी आलेल्या ताटलीतून एक चकली उचलली आणि उजेडात धरली.

“दिवाकर, ही आपलीच चकली आहे.”

“कशावरून?”

“माझ्या सोऱ्याच्या चकतीचा एक दात तुटला आहे. पाहा, एका बाजूनं काटाच नाही. पाच घरं फिरून घरी येऊन राहिली बिचारी! अन् तू तपासणीत आहेस म्हणे.”

दिवाकररावांनी तोवर तिची बहीण तपासूनही टाकली होती.

“आता माझं ऐकायचं,” राधाबाई म्हणाल्या. “रीत मोडायची नाही. पण ताटलीत लाडूच पाहिजे असं कोणी सांगितलं?”

दुसऱ्या दिवशी शरयूच्या ताटलीत उकडलेले शिंगाडे होते आणि चार पेरू. पद्मजाकाकू क्षणभर गोंधळल्या. पेरूच्या बदल्यात अनारसे देणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी सीताफळं दिली. कुंदाकाकूंनी ओल्या मटाराच्या शेंगा दिल्या. आणि ही ताटली परतवायला प्रत्येकीनं आपापल्या पोरांना पिटाळलं, कारण शाळेच्या चिठ्ठ्या त्यांच्याही घरी आल्या होत्या. आठवड्याभरात चेरीतालच्या गल्ल्यांतून पेरू घेऊन पळणाऱ्या पोरांची नुसती झुंबड उडाली. जे शाळेच्या लाल शाईला जमलं नव्हतं, ते राधाबाईंनी एक चिठ्ठीही न लिहिता करून दाखवलं.

शरयू मात्र लाडवाकडे बघेनाशी झाली. “लाडू पाहिला की मला जिने दिसतात,” असं ती म्हणायची.

बालदिनाला सगळं घर मैदानावर हजर होतं. शिट्टी झाली. पहिली चक्कर झाली, दुसरी झाली. हेमलतानं डोळे मिटून घेतले. तिसरीला दिवाकररावांना राहवेना. “थांबू नको बेटा!” असं ओरडत ते दोरीबाहेरून तिच्यासोबत पळायला लागले आणि पंचवीस पावलांवर गवतात बसले. शरयू त्यांना ओलांडून पुढे गेली. चौथी चक्कर झाली, तरी ती थांबेना.

“बस बेटा, बस! हो गया!” दुबे सर मागे धावत होते. “टीम में हो तुम!”

पाचवी चक्कर पूर्ण करूनच ती आजीच्या कुशीत शिरली. राधाबाईंनी आनंदानं डोळे पुसले. असा आनंद त्या घरात कित्येक वर्षांत झाला नव्हता.

गवतात बसलेल्या दिवाकररावांना दोघा शिक्षकांनी धरून शाळेच्या डॉक्टरीण बाईंच्या टेबलापाशी आणलं. बाईंनी नाडी पाहिली, मग त्यांना काट्यावर उभं केलं आणि लाल शाईचं पेन उघडलं.

“अकरा किलो ज़्यादा,” त्यांनी कार्डावर लिहिलं. “पालक सहयोग करें.”

रविवारी सकाळी दिवाकरराव खुर्चीत बसणार, तोच शरयूनं त्यांच्या हातात झाकलेली ताटली ठेवली.

“तिलवाऱ्याला आत्याकडे पोचवायची. पायी.”

“तिलवाऱ्याला? अगं, किती दूर आहे ते!”

“पॉलिसी ठरली, बाबा,” शरयू म्हणाली. “अन् रस्त्यात नमुना काढायचा नाही.”